फायनल तेवढी मी पाहिली नाही

अहो,

काल दुपारी हरिभाऊ आले होते. तुमच्या टीममध्ये जाळीपाशी उभे राहायचे ते, आता गुडघे धरून बसतात. रविवारपासून शाळेच्या मैदानावर शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धा आहेत, तुमच्या नावानं कप ठेवलाय, बक्षीस द्यायला आपल्या विलासला पुण्याहून बोलवून घ्या, असं सांगायला आले. चहा घेतला आणि उठता उठता एक जुनी गोष्ट बोलून गेले. ती ऐकल्यापासून मला तुमचा राग आलाय. सांगू कुणाला? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

वर्ष झालं तुम्हाला जाऊन. लोक म्हणतात, सवय होते. कसली सवय होते हो? संध्याकाळी टीव्ही लावून ठेवते, घरात कुणीतरी बोलतंय एवढंच बरं वाटतं. म्हशीशी बोलते. ती सगळं ऐकून घेते, पण उलट बोलत नाही, त्यात काय मजा!

छावणी आठवते? त्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला आणि आपण जनावरं घेऊन कडा गावी गेलो, दूध संघाच्या चारा छावणीत. आईंनी विलासला घरीच ठेवून घेतलं. ताडपत्रीखाली तुम्ही, मी, दोन बैल आणि ती लाथाळ म्हैस. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपण दोघंच असे पहिल्यांदा राहत होतो. धूळ, माश्या, टँकरची वाट, चाऱ्याची रांग. माणसं रडकुंडीला आली होती. आणि मी? कुणाला सांगू नका, पण मी तिथं सुखात होते.

चारा वाटून झाला की पुरुषांना काम उरायचं नाही. म्हणून संघाच्या चेअरमननं कप लावला, प्रत्येक छावणीची एक टीम, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. आपल्याकडचं रान सपाट, त्यामुळं सगळे सामने आपल्याच छावणीत. गावात बायका कधी मैदानाकडं फिरकल्या नाहीत. इथं तर मैदान आमच्या दावणीसमोरच! शेण काढता काढता मी बघायची. तुम्ही शूटर. दोन्ही मुठी जोडून चेंडू असा हाणायचात की समोरचा अंग चोरायचा. माझा नवरा असा खेळतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

दुसरा सामना हरलात. खाटेवर पडून ताडपत्रीकडं बघत होतात, मी धार काढत होते. उगीच काहीतरी बोलायचं म्हणून तुम्ही विचारलंत, "कावून हरलो म्हनावं?"

मी म्हणाले, "तुमी ज्या कोपऱ्यात मारनार, तिकडं आदी बगता. ही म्हैस बी लाथ मारायच्या आदी कान मागं घेती. समोरच्याला कळतंय की."

तुम्ही उठून बसलात. हसाल असं वाटलं होतं, हसला नाहीत. पुढच्या सामन्यात तिकडं एकदाही बघितलं नाहीत आणि जिंकलात. मग तो रिवाजच पडला. खेळ संपला की घामही न पुसता आधी माझ्याकडं यायचात, आज कसं झालं म्हणून विचारायला. तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं हो. ना माहेरी, ना सासरी.

फायनल मात्र बाजारतळावर ठेवली. बक्षिसाला पुढारी येणार, ते छावणीच्या धुळीत कशाला येतील? बाजारतळावर आम्ही बायका कशा जाणार? मी जनावरांपाशी थांबले. तुम्ही आलात, हरलो एवढंच म्हणालात आणि बैलांपुढं उसाचे वाढे टाकायला लागलात. मी वाट बघितली. तुम्ही काहीच विचारलं नाहीत.

छावणी उठली, आपण घरी आलो. त्यानंतर किती सीझन खेळलात! हरलात की ओसरीवर मित्रांचा खल चालायचा आणि मी आतून चहा पाठवायची. एकदा तरी विचारायचं होतं. घरात चार माणसं होती म्हणून लाज वाटली? माझं मन म्हणायचं, बायकोचं ऐकून फायनल गेली असं यांना वाटत असणार. इतकी वर्षं मी तेच धरून बसले. तुम्ही घरात असतानाही मी एकटीच होते.

आणि काल हरिभाऊ म्हणतात, "वैनी, फायनलला अण्णाचा एक मार बसंना. मला म्हनले, हरी, सुभद्रा आसती तर सांगितलं आसतं कुटं चुकायलंय. आमी लई हसलो. अण्णा न्हाई हसले."

सुभद्रा म्हणालात? चारचौघांत, नाव घेऊन? घरी तर 'अगं'च्या पुढं कधी गेला नाहीत. हरिभाऊला सांगता आलं, मग मला सांगायला काय झालं होतं? एक वाक्य होतं हो. तेवढ्यावर मी आनंदानं म्हातारी झाले असते.

पोटभर रडून घेतलं. मग सकाळी हरिभाऊंना फोन लावला. म्हटलं, "विलासला बोलवू नका, बक्षीस मी देईन. पन नुसत्या बक्षिसापुरती येनार न्हाई. पयल्या सामन्यापासून माजी खुर्ची ठेवा." ते बरं म्हणाले.

रविवारपासून रोज जाईन, फायनल संपेपर्यंत उठणार नाही. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. घरी आले की तुमच्या फोटोसमोर बसेन आणि कोण कुठं चुकलं ते सगळं सांगेन, हे माझं वचन. आता तुम्ही विचारायची वाट बघणार नाही.

तुमची,
सुभद्रा