भिंगरीच्या शेजारी कोण

रविवार, १७ जानेवारी

प्रिय ताईस,

धाकट्याचा सप्रेम शालोम. इकडे सगळे ठीक, माझे गुडघे सोडून. नळदुरुस्तीत झिजले नाहीत तेवढे ते हल्ली सिनेगॉगच्या वर्गात झिजतात. मूल शिकायला आलं की आई-बापांपैकी एकाने शेजारी बसायचं, असा नवा नियम आहे. बाक दहा वर्षांच्या मुलांच्या मापाचे. मी बसलो की गुडघे कानांशी येतात आणि लेक म्हणते, "बाबा, हलू नकोस, वही पडते."

भिंगरी बारा वर्षांची होतेय. सहा आठवड्यांनी, शनिवारी, तिला तोरा ग्रंथाच्या गुंडाळीतून सगळ्यांपुढे वाचायचंय. भाग आठवड्यागणिक ठरलेला; तिचा वाढदिवस माझ्याच वाढदिवसाच्या आठवड्यातला, म्हणून वाट्याला भागही माझाच आला: पवित्र मंडपाच्या फळ्या, कड्या, खुंट्या. मला वाटलं कंटाळेल. तर म्हणते, "हे तर तुझ्याच कामाचं आहे. कशात काय बसवायचं." गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, चाल पाठच असावी लागते, हे तुला सांगायला नको. पोरगी गोड म्हणते.

गेल्या आठवड्यात सिनेगॉगच्या समितीचं पत्र आलं. मुलीने वर्गात, घरच्यांपुढे वाचावं. मोठ्या दालनात नको. मी कामाच्या कपड्यांतच अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, शिकताना मुलगी चालते, मग वाचताना का नाही? ते म्हणाले, "वाचणाऱ्याच्या शेजारी चूक सांगायला जाणतं माणूस लागतं. आमच्यातलं कोणी उभं राहणार नाही. तुम्ही आणा, मग बघू." चारचौघांत बोलले, आता शब्द फिरवता येणार नाही.

मी म्हटलं, "माझी ताई उभी राहील."

होय, तुला न विचारता. रागावणार असशील तर रागाव. वर्गातले मास्तर उभे राहायला तयार होते, पण त्यांची नोकरी समितीच्या हातात. मीच त्यांना गप्प बसवलं.

बाकी विशेष काही नाही. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. मी वेळ काढतोय हे तुला कळलंच असेल.

तेराव्या वर्षी, माझ्या वाचनाच्या दिवशी, तिसऱ्या ओळीला माझी बोबडी वळली. शेजारी उभे असलेले काका पुस्तकात ओळ शोधत राहिले. तेव्हा वरून, बायकांच्या गॅलरीतून, तुझा आवाज आला. अख्खी ओळ, चालीसकट. तुला कोणी शिकवलं नव्हतं. माझी पिशवी सांभाळत वर्गाच्या दाराबाहेर बसायचीस, तेव्हा कानावर पडलं तेवढंच. मी ती ओळ उचलली आणि पार झालो. खाली सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

घरी बाबांनी विचारलं, "तुला येत नव्हतं का रे?"

मी म्हणालो, "येत होतं. ताई उगाच ओरडली."

ऐकलेलं टिपून ठेवायचीस ती वही बाबांनी काढून घेतली, दाराबाहेर बसणं गेलं, आणि सगळ्या नात्यागोत्यात तू 'आगाऊ' ठरलीस. तू मला एकदाही खोटारडा म्हणाली नाहीस. एकतीस वर्षं मी त्याचा फायदा घेतला. लाज वाटते, ताई.

परवा तुझं नाव घेतल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या बहिणीला येतं का?" मी म्हटलं, "त्या दिवशी मला येत नव्हतं, तिला येत होतं. तुम्ही दालनातच होतात, ऐकलंत की." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. भिंगरीलाही सगळं सांगितलं. तिने वही मिटली. मग म्हणाली, "आत्याला ती ओळ अजून येते का?"

तू नाही आलीस तर आम्ही मुकाट वर्गात जाऊ असं समितीला वाटतं. मुळीच नाही. मग मीच शेजारी उभा राहीन, आणि त्याचं काय होईल ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तेव्हा पोरीची दया कर.

या वेळी वर जायचं नाही. जिन्याकडे वळलीस तर मी पायरीवर आडवा पडेन. तिचं चुकलं तर सांग, मोठ्याने सांग. नाही चुकलं तरी उभी राहा. वाचनाआधी मी सगळ्यांसमोर दोन वाक्यं बोलणार आहे. बाबांना दिलेलं उत्तर दुरुस्त करायचंय. समितीची परवानगी नाही. मी मागितलेलीही नाही.

तुझा,
ज्याला येत नव्हतं तो,
धाकटा