साडेचार हातांची सुतळी

नाते, तालुका महाड
रविवार, सकाळ

आदरणीय राजेंद्रदादास,

धाकट्या अश्वजितचा सविनय जयभीम. तुझा गुडघा आणि वहिनींचं पित्त दोन्ही आटोक्यात असावं, ही मनापासून इच्छा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (आईचा आवाज तर इतका ठीक आहे, की नळाला पाणी आल्याचं वरच्या आळीला तिच्यामुळेच कळतं). तू चौदा महिने घरी आला नाहीस आणि माझा फोनही उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने लिहितो आहे. पत्र माणसाला हातात घ्यावंच लागतं.

आधी माझी चूक कबूल करतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये तू चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला आलास, तेव्हा तुझ्या त्या मुसळाएवढ्या लेन्सने आईचा फोटो काढलास आणि छान फ्रेम करून पाठवलास. चौथ्याच दिवशी आईने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. ठेवला तर ठेवला, पण ही बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकायला नको होती. शिवाय खाली ‘सुरकुत्या फार स्पष्ट आल्या असाव्यात’ हे माझं मत जोडायला तर मुळीच नको होतं. कल्याणात वीस वर्षं लग्नांचे फोटो काढणाऱ्या माणसाला शाळेतल्या क्लार्कने असं शिकवू नये. मला त्याचं वाईट वाटतं दादा, खरंच वाटतं.

पण ग्रुप सोडताना तू माझ्या लेन्सला ‘गाळातलं भांडं’ म्हणालास, ते मला फार लागलं. कारण ती लेन्स मुळात तुझी आहे. तुझी पहिली. तू ती महाडच्या माझ्या खोलीवर ठेवून गेलास, एकवीसच्या पुरात ती दोन दिवस पाण्याखाली राहिली, आणि फेकून दे असं तूच फोनवर सांगितलंस. मी फेकली नाही. जुन्या टूथब्रशने गाळ काढला, आईने ती तांदळाच्या डब्यात दोन महिने सुकवली (त्या दिवसांत भाताला कॅमेऱ्याचा वास यायचा, असं तुझी भावजय उज्वला आजही म्हणते). आता लेन्सच्या आत बुरशीची नक्षी आहे आणि फोकसची कडी एका जागी कायमची रुतून बसली आहे. साडेचार हातांवर जे असेल तेवढंच स्वच्छ दिसतं. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आंबेनळी घाटातलं धुकं.

लोक याला दोष म्हणतात, मी शिस्त म्हणतो. कॅमेऱ्याला मी साडेचार हातांची सुतळी बांधली आहे (हात आईचा, आपल्या घरात मापाला दुसऱ्या कुणाचा हात कधी चाललाय?). समोरच्याने सुतळीचं टोक कानाशी धरायचं, मी मागे सरकत जायचं, सुतळी ताठ झाली की त्याने ती सोडायची आणि मी श्वास रोखून बटण दाबायचं. या लेन्सला ऊन सोसत नाही, म्हणून सगळं काम पडवीच्या सावलीत. आमच्या शाळेतल्या राजश्रीबाईंचा निवृत्तीचा फोटो मी असाच काढला. मागचं मोडकं कपाट धुक्यात गेलं आणि बाई सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणावर न रागावलेल्या दिसल्या.

मग परवाच्या मंगळवारी आईला बसवलं. भिकाजीकाकांच्या पुण्यानुमोदनाला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून हार घातला होता, आणि काका मेल्याबद्दल माफी मागताहेत असं दिसत होतं, ते तुला आठवत असेल. आईने त्याचाच धसका घेतला आणि म्हणून तिला आपला चांगला फोटो वेळेवर हवा आहे, असं तूही धरून चाललास आणि मीही. ती ठेवणीतलं लुगडं नेसून बाजेच्या अगदी टोकाला बसली. मधे सरक म्हटलं, सरकली नाही. मी सुतळी ताणत मागे गेलो, पडवी संपली, आणि कॅमेरा छातीशी धरून (कंबर काय, बरी होते) मी थेट शेणाच्या पाटीत बसलो. आई हसली. सुतळी ताठच होती. मी बसल्या जागेवरून बटण दाबलं.

दादा, तो फोटो पाहून मला रडू आलं. बुरशीमुळे तिच्या चेहऱ्याभोवती मंद उजेड पसरला आहे, सुरकुत्या आहेत पण मऊ आहेत, आणि डोळे आत्ता बोलतील असे. स्वस्त काचेला हसणाऱ्यांनी येऊन तो पाहावा. मी तो फ्रेम करून तुझ्या फोटोशेजारी मांडला.

थोरल्या भावाला याहून जास्त शिकवणं बरं दिसणार नाही, म्हणून थांबतो.

तुझा धाकटा,
अश्वजित

ता. क. – शुक्रवारी माझाही फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आढळला.

ता. क. २ – तेव्हा मी आईला कारण विचारलं. (चौदा महिन्यांत आपल्या दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.) ती म्हणाली, “तुमच्या काचा चांगल्या हायत रे दोघांच्या. पन दोन्हींत मी एकलीच. एकलीचा फोटू मेल्यावर लावतात. मी हाय ना अजून?” मग बाजेवर हात फिरवून म्हणाली, “राजूला जागा ठेवलीवती. तुला दिसली नाय?”

ता. क. ३ – पुढच्या रविवारी सकाळी ये. बटण उज्वला दाबेल. तुझी मोठी लेन्स आणलीस तरी चालेल, पण तिच्यात आपण तिघं मावायला उज्वलाला पार पोलादपूरच्या रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागेल. माझ्या लेन्ससमोर तुला आणि मला आईला खेटून बसावं लागेल, कारण साडेचार हातांच्या पलीकडे गेलेला माणूस तिला दिसत नाही. सुतळी आईने उशाखाली ठेवली आहे.