मिठाचं पाणी

ट्रॉय, मिशिगन
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,

सुनेत्राचा नमस्कार. पाकीट फाडून फेकायच्या आधी निदान एकदा वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

इथे सगळे ठीक. वीर गाडी चालवायला शिकतोय आणि शेजारी बसून माझाच जीव जातोय. काही बोललं की "मॉम, चिल!" आश्लेषावहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझी खबर तिच्याकडूनच कळते. तिला रागावू नकोस.

आता मुद्द्यावर येते. येववत नाही, पण येते.

दोन-अडीच वर्षांपूर्वी आप्पा आमच्याकडे राहायला आले आणि त्यांना कोरोना झाला, तेव्हा नागपूरहून तू रोज बजावायचास, गुळवेलीचा काढा दे, प्रतिकारशक्ती वाढव. हॉस्पिटलमधले डॉक्टर नेमकं उलटं बोलले. म्हणाले, रक्तात काही प्रथिनं असतात, कॉम्प्लिमेंट म्हणतात त्यांना. जंतू शिरला की ती एकमेकांना जागं करतात आणि जंतूला भोकं पाडतात. आप्पांच्यात ती थांबायलाच तयार नव्हती. चोर शिरला म्हणून अख्खी कॉलनी काठ्या घेऊन धावावी आणि घरच्यांनाच बडवत सुटावी, तसं. फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्याच खराब होत होत्या. त्या प्रथिनांना आवरणाऱ्या औषधाची तिथे चाचणी चालू होती. निम्म्या पेशंटना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

तू फोनवर ओरडलास, "आजारी माणसाची प्रतिकारशक्ती कमी करतात होय गं?" आप्पा मास्कच्या आतून म्हणाले, "सुनू, तू ठरव." मी सही केली. आठवड्याभरात आप्पा गेले. अंत्यसंस्कार तू व्हिडिओवर पाहिलेस आणि कॉल बंद करताना म्हणालास, "तू त्यांची ढाल काढून घेतलीस."

दादा, मला तुझा राग आला नाही. मला ते खरं वाटलं. भाजी चिरताना, मीटिंगमध्ये, कुठेही ते वाक्य कानात यायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं.

या उन्हाळ्यात चाचणीवाल्यांचा फोन आला. चाचणी संपली, कुणाला काय दिलं ते आता घरच्यांना सांगता येतं, जाणून घ्यायचंय का? मी गाडी कडेला घेतली आणि हो म्हटलं.

आप्पा सलाईनच्या गटात होते. ते औषध त्यांना मिळालंच नाही रे. ढाल कुणी काढली नाही. मिठाचं पाणी होतं ते.

क्षणभर हायसं वाटलं. मग रडायलाच लागले, की का नाही मिळालं त्यांना? मिळालं असतं तर वाचले असते का, हे कुणीच सांगू शकत नाही. तुला लगेच कळवलं नाही, कारण तुला त्यात "बघ, मीच बरोबर होते" असं ऐकू आलं असतं. कोण बरोबर, हे मला नकोच आहे आता. आपण दोघंही आप्पांसाठीच धडपडत होतो.

मागच्या दोन्ही भाऊबीजांना मी पाटावर फोन ठेवून, ताट तयार करून बसले होते. तू उचलला नाहीस. मग भाऊ नसलेल्या बायका करतात तसं मागच्या अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. थंडीत वात टिकेना.

यंदा अंगणात जाणार नाही. ताट घेऊन फोनसमोरच बसेन. मला भाऊ आहे.

तुझीच,
सुनू