मोठा मासा न दुखावता काढण्याविषयी

३ मार्च, सोमवार.
काल तलावावर माझ्या गळाला नऊ किलोंचा मासा. गवतावर ठेवून फोटो काढले. तेरा. मग सोडला. पोट वर करून तरंगत गेला. सासरे शेजारीच गळ टाकून बसले होते. म्हणाले, जावईबापू, याला सोडणं नाही म्हणत, टाकणं म्हणतात. ऑफिसात सांगितलं, शेपटी हलवत गेला. जेवण गेलं नाही. अ‍ॅसिडिटी असावी.

४ मार्च.
संकल्प. जाड दोरी, म्हणजे मासा लवकर काठाला येईल, दमणार नाही. मोठं, मऊ हातजाळं. माशाला ओल्या हातानंच धरायचं. पाण्याबाहेर फार तर अर्धा मिनिट. यापुढे माशाच्या केसालाही धक्का लागणार नाही. (माशाला केस नसतात. भावना महत्त्वाची.)

८ मार्च.
नवं जाळं आणलं. बाथरूममध्ये सराव. भिजवलेली उशी डोक्याकडून जाळ्यात घेतली. नऊ सेकंद! ही म्हणाली, उशी माझी आहे. चांगल्या कामाला घरातून विरोध व्हायचाच.

१२ मार्च.
जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना माशांशी माणुसकीनं कसं वागावं, यावर वीस मिनिटं सांगितलं. कॅशियर म्हणाला, मग जाऊच नका की. अशांपुढे काय बोलणार.

१६ मार्च, रविवार, सकाळी ६.३०
बारीक दोरीच लावली. तिच्यावर मासा खेळवण्यात खरा कस लागतो. आजच्यापुरतीच.

त्याच दिवशी, दुपार.
लागला. प्रचंड. सासरे म्हणाले, ओढा, दमवू नका त्याला. मी म्हटलं, दोरी तुटेल. खरं तर मजा येत होती. पन्नास मिनिटं. जाळं गाडीच्या डिकीत. गाडी टेकडीपलीकडे.
सासरे बुटांसकट कमरेइतक्या पाण्यात उतरले. वय बहात्तर. मासा पाण्यातच दोन्ही हातांवर सरळ धरून उभे राहिले, तो सावरावा म्हणून, कितीतरी वेळ. कल्ले हलले असं मला दोनदा वाटलं. नव्हते हलले. शेवटी म्हणाले, आता सोडला तर नुसते हाल. डोक्यावर एकच घाव घालायचा, नेमका. काठावर येऊन काठी माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतले. त्यांनी केलं. मग माशावर हात ठेवून बसून राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही.

१७ मार्च.
तसं पाहिलं तर मासा त्यांच्या हातून गेला.

१८ मार्च.
कालची ओळ खोडायला हवी. सासऱ्यांना ताप आहे.

१९ मार्च.
त्यांना बघायला गेलो. रस्ताभर माफीची वाक्यं जुळवली. तिथे गेल्यावर औषधांची चौकशी केली, उकाड्याची केली, नव्या पडद्यांचीसुद्धा केली. शेवटी कसंबसं बोललो, की दोरीचं खोटं होतं, मला मजा येत होती. म्हणाले, दिसत होतं.
उठलो. तेव्हा म्हणाले, ताप उतरला की रविवारी जाऊ. गळ मात्र घरी ठेवा. मला जाळं धरायला माणूस हवाय.
पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हे! म्हटलं, बघतो, कामं आहेत.
दारात चपला घालताना विचारलं, किती वाजता निघायचं.