तक्त्यात नसलेले दोन फूट

गुरुजी, त्या सकाळी मी नेहमीसारखा पाचला उठलो, आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला, गळ्यातली तुळशीची माळ डोळ्यांना लावली आणि दिघीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहिलो. सात वाजता चाकणला कार्ड पंच केलं. साडेनऊला ऑफिसातून बोलावणं आलं. तिथं भिंतीशी दोन माणसं उभी होती. त्यांतल्या एकाकडं मी बोट दाखवलं, कागदावर सही केली आणि दहाच्या चहाला परत लाइनवर आलो. चहात साखर जास्त होती. त्या सकाळचं मला एवढंच आठवतं, आणि हेही आठवतं की मला काहीच वाटलं नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. उत्तर येणार नाही हे ठाऊक असतं तेव्हा लिहायला बरं पडतं.

तुम्ही कारखाना बघितला नव्हता, म्हणून सांगतो. पत्रा दाबायची प्रेस असते, तिला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवली की एका हातानं काम चालतं आणि नग जास्त निघतात. हे करायचं नसतं. सगळे करत होते. मी लाइनचा सुपरवायझर, टार्गेटच्या दिवसांत मी बघून न बघितल्यासारखं करत होतो. गेल्या श्रावणात पहिल्या पाळीतला कुणीतरी पाचर काढायची विसरून गेला, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाची दोन बोटं पेरापासून गेली.

पाळी सुटायच्या आधी त्या मशीनपाशी कुणीतरी वाकलेलं मला दिसलं होतं. लांबून, पाठमोरं. कंपनीची निळी टोपी, बुटका बांधा. चौकशीत मी तेवढं सांगितलं होतं. त्या लाइनवर आसामकडचे दोघं ठेकेदारीवर होते. सगळे त्यांना नेपाळी म्हणत, एक मोठा नेपाळी, एक छोटा. मी एकदा म्हणालो होतो, "अहो, ते आसामचे आहेत." आमचा वेल्डर म्हणाला, "एकच की, राव! डोळे उघडले की आसाम, मिटले की नेपाळ." सगळे हसले. मीही हसलो, गुरुजी. ते दोघं भाऊ असावेत असं आम्ही धरून चाललो होतो. चार वर्षं ते माझ्या हाताखाली होते. आपसात ते मोडकंतोडकं हिंदी बोलत. ते मी रोज ऐकत होतो, पण सख्खे भाऊ एकमेकांशी परक्या भाषेत का बोलतील, असं माझ्या मनात कधी आलं नाही. पुढं कळलं, एकाचा जिल्हा दुसऱ्याच्या जिल्ह्यापासून दिवसभराच्या वाटेवर, आणि एकाची भाषा दुसऱ्याला समजतसुद्धा नाही.

त्या सकाळी ऑफिसात साहेब म्हणाले, "तुम्ही बघितलंय ना? यातला कोण?" मी दोघांकडं बघितलं. दोघं माझ्याकडं बघत होते. मला एकच चेहरा दोनदा दिसत होता. साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि मी बोट उचललं. डावीकडच्याकडं का, ते आजही सांगता येणार नाही. दुपारी त्याचा गेटपास काढून घेतला. ठेकेदारानं त्याचा फोटो बाकीच्या ठेकेदारांना पाठवला, त्यामुळं चाकणच्या पट्ट्यात त्याला कुणी गेटच्या आत घेईना.

तुमचा तक्ता मला त्या दिवशी आठवला नाही. आठवण यायला दोन महिने लागले.

आपली सहावी. पत्र्याच्या खोलीत ऊन तापलंय, आणि तुम्ही तालुक्याहून आणलेला कापडी तक्ता खिळ्याला लावताय. मानववंश. चार चेहरे, प्रत्येकाखाली नाक कसं, केस कसे, कातडी कशी. आम्ही आठवडाभर घोकंपट्टी करतो. मग एके दिवशी तुम्ही म्हणता, "चला, आता उभे राहा. नाक बघा, केस बघा आणि आपापला गट करा." आम्ही हसतो, ढकलाढकली करतो आणि गट करतो. तुम्ही फळ्याकडून वळून बघता. वरच्या आळीची पोरं खिडकीशी उभी आहेत, खालच्या आळीची दाराशी, आणि वेशीबाहेरच्या वस्तीवरचा एकटा पोरगा कोपऱ्यात. कुणीही कुणाचं नाक बघितलेलं नाही. मी त्याच्या सगळ्यांत जवळ उभा आहे, तरी लांब.

"तुझं नाक आणि त्याचं नाक सारखं आहे," तुम्ही मला म्हणालात. "केसही. मग लांब का उभा राहिलास?"

"आमी असंच उभं ऱ्हातो, गुरुजी."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. तसंच असतंय."

मला वाटलं, आता छडी. तुम्ही टेबलावरची लाकडी पट्टी माझ्या हातात दिलीत. "मोज." पट्टी एक फुटाची. माझ्या पायापासून त्याच्या पायापर्यंत मला ती दोनदा ठेवावी लागली. तो खाली आपल्या अंगठ्याकडं बघत होता. "दोन फूट," मी म्हणालो. "आता हे दोन फूट या तक्त्यात कुठं आहेत ते दाखव." मी तक्त्यापुढं कितीतरी वेळ उभा राहिलो. खरोखर शोधत होतो. मागं पोरं खिदळत होती. "घावत न्हाईत, गुरुजी." तुम्ही तक्ता काढलात, गुंडाळलात, पुन्हा कधी लावला नाहीत. "हा माणसानं काढलाय, बाळ," तुम्ही म्हणालात, "देवानं नाही. आणि ते दोन फूट मोठेपणी तरी शोध. घावले की सांग." ती पट्टी तुम्ही मलाच दिलीत. अजून घरात आहे. कपाटामागं काही पडलं की बायको तिनं ओढून काढते.

खरं तर मी त्या दोन फुटांच्या पलीकडच्या बाजूलाही उभा राहिलोय. भोसरीत पहिली खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकानं आधी आडनाव विचारलं, मग गाव. गाव ऐकून म्हणाला, "मराठवाडा व्हय? मंग न्हाई जमायचं. तुमचे पाहुणे लई येत्यात आणि पाणी लई सांडत्यात." मला एकही पाहुणा नव्हता. वर्कशॉपमध्ये वर्षभर माझं नावच मराठवाडा होतं. "ए मराठवाडा, पाना दे." जालन्याचा, लातूरचा, परभणीचा, आम्ही सगळे एकच. पुढं मी सुपरवायझर झालो, माझं नाव मला परत मिळालं, आणि दुसऱ्यांची नावं काढून घ्यायला मी मोकळा झालो. हे एवढं सरळ आहे हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळावं.

दुसरा, जो कामावर राहिला, तो दिवाळीनंतर एकदा कॅन्टीनमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर बसला. भांडायला नाही. त्यानं अगदी साधं विचारलं, "काका, आपने उसको पहचाना कैसे?"

"टोपीवरून," मी म्हणालो.

"टोपी तो सबकी कंपनी की है."

"बांध्यावरून."

तो थोडा वेळ जेवला. मग म्हणाला, "मुझे भी तो आप उसी के नाम से बुलाते हो, काका." आणि ताट घेऊन उठला. त्या संध्याकाळी घरी मी पट्टी शोधून काढली. हातात धरून बसलो. देवापुढं बसलो की मन हलकं होतं असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी हात जोडले आणि तसेच सोडले.

तरी आणखी सहा महिने मी काही केलं नाही. कारणं होती. नोकरीची दहा-बारा वर्षं बाकी आहेत. पाचर मला माहीत होती हेही उघड झालं असतं. आणि कदाचित तोच असेल, असंही मी स्वतःला सांगत होतो. असेलही. मी चेहरा बघितलाच नव्हता, मग नसेल तरी कसं सांगू?

गेल्या रविवारी रहाटणीला गेलो. तो तिथं एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे असं कळलं होतं. गेटवर दोघं होते, दोघंही तिकडचेच. "काका, आप इधर?" म्हणत एक जण खुर्चीतून उठला. मी त्याला सांगितलं की मी चेहरा बघितला नव्हता. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, शिव्या देईल. तो म्हणाला, "मालूम था, काका. उस दिन आपकी आँख मेरे ऊपर रुकी ही नहीं." मग एक गाडी आली आणि तो गेट उघडायला गेला.

आज सकाळी पाचला उठलो, दिवा लावला, बस पकडली. साडेनऊला कुणी न बोलावता ऑफिसात गेलो आणि कागद दिला. त्यात लिहिलं होतं: मशीनपाशी कोण होतं ते मी ओळखलं नव्हतं. मला ते दोघं सारखेच दिसत, आणि तो दोष त्यांच्या चेहऱ्यांचा नाही. पाचर सगळे वापरत होते आणि ते मला माहीत होतं. कामावरून काढलेल्याचं पूर्ण नाव लिहायला मला जुनं हजेरीपत्रक मागवावं लागलं. साहेबांनी दोनदा वाचलं. "आता हे उकरून काय मिळणार? तुमच्यावरच शेकेल." मी म्हणालो, "शेकू द्या. पण ठेकेदारांना कळवा, नाव मोकळं करा त्याचं." त्यांनी पोचेचा शिक्का मारून दिला. लाइनवर आलो. चहा झालेला होता.

गुरुजी, ते दोन फूट घावले. तक्त्यात नव्हतेच. मी उभा राहतो तिथं असतात. हे पत्र तुमच्या तक्त्यासारखं पट्टीला गुंडाळून कपाटात ठेवतोय. एक गोष्ट तेवढी कागदात लिहिली नाही आणि त्यालाही सांगितली नाही. रहाटणीच्या गेटवर त्यानं मला हाक मारली, तेव्हा मी हात जोडून दुसऱ्या वॉचमनकडंच निघालो होतो.