जहाजाचा सुपुर्दनामा

३ मार्च
प्रफुल्लचा फोन. चार मिनिटं मिळाली. नेटवर्क पकडायला जहाजाच्या पार टोकाला जाऊन उभा राहतो म्हणे. बरोबरचे अकरा जण घरी गेले, हा परक्या बंदराबाहेर एकटाच. वीज नाही. आठवड्यातून एकदा नाव येते तेव्हा प्यायचं पाणी. भात आणि डब्यातले वाटाणे. "टीचर, किनारा दिसते इथून. रस्त्यावरच्या मोटारी मोजत बसतो."
इंजिनाचा फिटर, छत्तीस वर्षांचा. माझ्या दहावी ब मधला. मी नुसतं हो हो करत राहिले. त्या कागदावर सही कर, हे मीच सांगितलं.

५ मार्च
लिहूनच टाकते एकदा. सात महिन्यांपूर्वी मालक जहाज टाकून पळाला. तिथल्या कोर्टानं जहाज जप्त केलं आणि सांभाळायला एक माणूस हवा म्हणून प्र.समोर कागद ठेवला. त्यानं फोटो काढून मला पाठवला. चाळीस वर्षं वकिलाची बायको होते. म्हटलं, हा तर सुपुर्दनामा. जप्तीचा माल कुणा भल्या माणसाच्या ताब्यात द्यायचा, एवढंच.
प्र.च्या वडिलांना, नामदेवरावांना तर मुलाचा अभिमानच वाटला. नांदगाव खंडेश्वरचे जुने पोलीस पाटील ते. जप्तीचे ट्रॅक्टर त्यांच्याच अंगणात निंबाखाली वर्षवर्ष उभे असत. "कर म्हना सही. जिम्मा भल्या मानसालेच देतेत."
पण ट्रॅक्टर निंबाखाली ठेवून नामदेवराव शेतात जायचे, लग्नाकार्याला जायचे. जहाज सांभाळणाऱ्यानं जहाजावरच राहायचं, त्याच्या जागी दुसऱ्यानं सही केल्याशिवाय उतरायचं नाही, हे तिसऱ्या पानावर होतं. मी दोन वाचली. धडा अर्धा वाचून उत्तर देणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करत असे.

९ मार्च
खलाशांची कामं बघणाऱ्या मुंबईच्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार, ऑनलाइन. जिल्हा निवडा. यादीत फक्त किनाऱ्याचे जिल्हे. अमरावती नाही, अकोला नाही. जिल्हा निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. शेवटी रत्नागिरी निवडलं. आयुष्यात कधी गेले नाही तिथे.

१३ मार्च
अर्ज परत. पत्ता व जिल्हा जुळत नाही. फोन लावला. पलीकडचा गृहस्थ अगदी सौजन्यानं म्हणाला, तुमच्याकडे समुद्र नाही ना मॅडम. म्हटलं, तुमच्याकडे कापूस नाही, तरी अंगात शर्ट असेलच. मग म्हणाला, पत्र पाठवा.
जहाजावरचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याचा, बंदर तिसऱ्याचं. तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आमच्याकडे शेताच्या धुऱ्या-बांधावरून भांडण झालं तरी तहसीलदाराला येऊन उभं राहावं लागतं. समुद्राचे कायदे पुष्कळ आहेत म्हणतात. ते करताना इंजिनात तेल घालणाऱ्या एकाला तरी कुणी खुर्ची दिली होती का?

१४ मार्च
पत्र टाकलं. रजिस्टर पोस्टानं. तिसरं पान आता इतकं वाचलंय की पाठ झालं. सही तिथल्या बंदरातलाच कुणीही करू शकतो, तशी सोय आहे. फक्त आपल्या कार्यालयानं तशी मागणी करायची. एक पत्र. एवढंच मागितलंय.

१८ मार्च
अकोला. नामदेवराव बरोबर होते. प्र.ला पाठवणारा एजंट भेटला. चहा मागवला. मी घेतला नाही, ना.नी दोन्ही कप घेतले.
एजंट म्हणतो, तोड आहे. तिवश्याचा विलास म्हणून एक जण तयार आहे. पूर्वी एकदा जहाजावर स्वयंपाकी जाऊन आलेला, दोन मुली, सध्या घरी बसून. तो तिथे जाऊन सही करेल, प्र. त्याच दिवशी खाली. त्याला काय सांगितलंय, विचारलं. उभ्या जहाजावरची आरामाची नोकरी. कागद तेवढा तुम्ही समजावून द्या मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे लोकांचा.
परतताना मूर्तिजापूर आलं. ना. म्हणाले, "माह्या पोराले जसं सांगतलं, तसंच त्यालेही सांगा."

२० मार्च
मुंबईहून काही नाही. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये.
प्र.चा फोन आला. विलासचं सांगितलं. त्यानं विचारलं, "त्याले पोहता येते काय, टीचर?" फोन तुटला.
म्हणजे हा किनाऱ्याकडे बघत नुसत्या मोटारी मोजत नाही; मधलं पाणीही मोजतो.

२२ मार्च
विलासचा फोन. मोकळा माणूस वाटला. उद्या दहाला येतो म्हणाला. धाकटीला घेऊन, तिला अमरावती बघायची आहे. "तुमी म्हनान तिथं सही करतो."
दुपारी तिन्ही पानं मराठीत उतरवली, मोठ्या अक्षरात. तेवढ्यात ना. आले. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. तिसऱ्या पानाची घडी केली आणि बंडीच्या खिशात घातली.
मी म्हटलं, नामदेवराव, त्याला मुली आहेत.
"मले पोरगा हाय."


२३ मार्च
सकाळी तिसरं पान पुन्हा लिहून काढलं. मुंबईला दुसरं पत्रही. पाकिटावर ठळक लिहिलं, जिल्हा अमरावती.
पावणेदहा. ना. केव्हाचे ओट्यावर बसलेत. आत या म्हटलं तर मान हलवतात. टेबलावर माझा फोन वाजून थांबला. प्र.चाच. पुन्हा लावला, लागत नाही.
फाटकाची कडी वाजली. लहान मुलगी काहीतरी विचारते आहे आणि तिचा बाप हसतो आहे. तिन्ही पानं माझ्या डाव्या हातात आहेत. ना. उठलेत. फाटक आणि मी, यांच्या मधे उभे आहेत.