विजेतून वाचलं, कट्ट्यात सापडलं

तीर्थस्वरूप रघुनंदनमामांस, रक्षिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

वीज पडलेलं झाड जगणार की नाही, हे किती दिवसांत कळतं? मला सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर, तीही वनस्पतिशास्त्राची, आणि तिला एवढंही येत नाही, याचा आमच्या जयनगरच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना फार आनंद झाला आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे माणसं ठणठणीत आहेत. आजारी आहे तो फाटकाजवळचा साठ वर्षांचा पर्जन्यवृक्ष.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्यावर वीज पडली आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वीतभर रुंद साल सोलून निघाली. दोन दिवस सगळे म्हणत होते, तोडा. मी दारोदार जाऊन सांगितलं की पाणी घाला, मुळांवर पालापाचोळा पसरा आणि वर्षभर त्याच्या वाटेला जाऊ नका. एवढ्यात सोयराअक्कांच्या (वरच्या मजल्यावरच्या, ज्यांचा टीव्हीसुद्धा जळला नाही) लक्षात आलं की झाडानं वीज स्वतःवर घेऊन आपल्याला वाचवलं. झालं! काल ज्याला तोडायचं ठरलं होतं, तो आज देव. (करवतीपासून वाचवणं सोपं होतं हो मामा. भक्तांपुढे काय बोलणार?) जखमेवर हळदीचा लेप, मुळाशी रोज तांब्याभर दूध, आणि खोडात खिळा ठोकून वर घंटा! भाजलेल्या माणसाच्या छातीत खिळा ठोकून कुणी घंटा टांगतं का?

मग आमचे अध्यक्ष बिंदुमाधवराव म्हणाले की पिंपळाला असतो तसा कट्टा हवा. बुंध्याभोवती चार-चार हात विटा आणि सिमेंट. पाऊस पडतो तो सरळ गटारात. मुळांना पाणी कुठून मिळणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "थोडी श्रद्धा ठेव गं. देवाला कसली तहान?" लागते तहान! एका बाजूची पानं पिवळी पडली आहेत. आणि येत्या रविवारी वर फरशी बसवून प्रसाद आहे.

तुमची भाची,
रक्षिता

ता. क. माझं कुणी ऐकत नाही. चाळीस वर्षं बेळगावात लाकडाची वखार चालवलेल्या माणसाचं ऐकतील. शुक्रवारच्या गाडीचं तुमचं तिकीट सोबत जोडलं आहे.

ता. क. २. पहिल्याच आठवड्यात मायेपोटी अर्धं पोतं खत मीही घातलं होतं. अशा झाडाला लगेच खत द्यायचं नसतं, हे नंतर वाचलं. इथे आल्यावर हे बोलू नका.

ता. क. ३. शुक्रवारपर्यंत मला धीर धरवला नाही. आज सकाळी कुदळ आणून कट्टा फोडला, पालापाचोळा पसरला आणि पाणी सोडलं. बिंदुमाधवराव ओरडत खाली आले, तेव्हा सांगितलं की बेळगावचे प्रसिद्ध वृक्षवैद्य रघुनंदनमामा यांची तशी आज्ञा आहे. त्यांना तुमचा नंबर दिला आहे.